साइटवर बघून घेऊ

माझ्या टेबलावर काँक्रीटचा एक गोल तुकडा ठेवलाय, वीतभर लांब आणि आठ-साडेआठ किलो वजनाचा. नवीन कोणी केबिनमध्ये आलं की विचारतं हे काय, टेस्टिंगचं सॅम्पल का? टेस्टिंगचं नाही. एका चालू कामातल्या बीममधून कोअर कटिंग मशीनने काढलेला गाभा आहे तो. त्याच्या अंगावर समोरासमोर दोन गोल ठिपके आहेत, रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान. आता गंजून तपकिरी झालेत पण त्या दिवशी लख्ख चमकत होते. बीमच्या खालच्या थरातला वीस एमएमचा मेन बार, म्हणजे मुख्य सळई, आरपार कापला गेला, त्याची ती दोन तोंडं.

२०१२ सालची गोष्ट. पुण्याजवळ एका हॉस्पिटलचं काम चालू होतं आणि मी कॉन्ट्रॅक्टरकडे प्रोजेक्ट इंजिनिअर होतो. तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये एसीचा डक्ट चढवायला माणसं आली आणि अर्ध्या तासात खाली उतरली. म्हणाले साहेब बसत नाही. मी टेप घेऊन गेलो. स्लॅब ते स्लॅब ३९०० मिलिमीटर, बीम ७५० चा, म्हणजे बीमच्या पोटाखाली ३१५०, त्यातून फ्लोअरिंगचे १०० गेले की ३०५०. आर्किटेक्टचं फॉल्स सीलिंग २७०० ला. मध्ये उरले साडेतीनशे. आणि डक्ट ४०० चा, वर-खाली इन्सुलेशन धरून साडेचारशे. हे गणित चौथीतल्या पोराला येईल. पण सहा महिने आमच्या साइट ऑफिसात तिन्ही ड्रॉइंग शेजारी शेजारी टांगलेली होती, आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरचं आणि एसीवाल्याचं, तिन्हीवर सह्या होत्या, आणि ही वजाबाकी कोणीही केली नव्हती. मीही नाही.

डक्टचं निभावलं, सीलिंग २५५० ला आणलं, अर्धा फूट खाली. त्या कॉरिडॉरमधून आजही पेशंटची ट्रॉली जाते आणि सलाईनचा स्टँड धरून चालणारी नर्स वर बघत असेल असं मला उगाच वाटत राहतं. ड्रेनेजचं मात्र निभावलं नाही. टॉयलेट ब्लॉकपासून शाफ्टपर्यंत, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपर्यंत, बारा मीटर अंतर, पाइप ११० चा, आणि ड्रॉइंगवर नुसती एक रेघ काढून बाजूला लिहिलेलं, स्लोप १:६०. बारा मीटरला साठात एक म्हणजे पाइप दोनशे मिलिमीटर खाली उतरणार. कागदावरची रेघ उतरत नाही. वाटेत तीन बीम होते. पहिल्या बीमला होल मधोमध पडलं, दुसऱ्याला जरा खाली, आणि तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पाइप बरोबर बॉटम स्टीलवर येऊन बसला. कोअर कटिंगवाला पाणी मारत मशीन चालवत होता, राखाडी चिखल भिंतीवरून ओघळत होता, मध्येच मशीनचा आवाज बदलला, काँक्रीटचा घरघर आवाज जाऊन लोखंडाची किंकाळी आली. साइटवर ज्याने तो आवाज एकदा ऐकलाय तो विसरत नाही. मी धावत गेलो तेव्हा उशीर झाला होता.

स्ट्रक्चरल कन्सल्टंट आले, बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालून प्लेट लावून तो बीम मजबूत करायचं डिझाइन दिलं, त्यात दोन महिने गेले, पैसे कोणी द्यायचे यावर अजून चार. त्या चार महिन्यांतली पत्रं मी जपून ठेवलीत. प्रत्येक पत्रात प्रत्येकजण म्हणतो आमचं ड्रॉइंग बरोबर आहे, आणि खरंच प्रत्येकाचं बरोबर होतं.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, ते इतकं अंगवळणी पडलंय की वाक्य म्हणून कानाला ऐकूही येत नाही. साइटवर बघून घेऊ. आर्किटेक्ट म्हणतो, कन्सल्टंट म्हणतो, मालक म्हणतो, मीसुद्धा हजार वेळा म्हटलंय. दोन ड्रॉइंग जुळत नाहीत? साइटवर बघून घेऊ. पॅनेलची जागा ठरली नाही? साइटवर बघून घेऊ. त्यात एक प्रकारचा विश्वासही असतो, की मिस्त्री हुशार आहे, इंजिनिअर जाग्यावर आहे, काहीतरी मार्ग निघेल. आणि मार्ग निघतोच. माझ्या टेबलावरचा तुकडा हा असाच निघालेला मार्ग आहे.

आता बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगबद्दल, म्हणजे बांधायच्या आधी अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये मॉडेल म्हणून उभी करण्याबद्दल. ऑफिसात सगळे त्याला बिम म्हणतात, पण आमच्याकडे तुळईलाही बीमच म्हणतात आणि पहिल्या महिन्यात फोनवर इतका गोंधळ झाला की मी बीआयएम असंच म्हणायला लागलो, इथेही तसंच लिहितो.

मी डिप्लोमा करून बाहेर पडलो १९९७ ला. पहिल्या नोकरीत ड्रॉइंग यायची ती अमोनिया प्रिंट. गुंडाळी उलगडली की नाकात झणका बसायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं, उन्हात ठेवली तर महिन्याभरात रेघा फिक्या पडायच्या. आमच्याकडे एक ड्राफ्ट्समन काका होते, ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंग पेनने काढायचे, चूक झाली की दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई अशी हलकी खरवडायचे की कागद फाटायचा नाही. खिडकी सहा इंच सरकली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, तिन्हीकडे खरवडायला लागायचं, आणि एकीकडे राहून गेलं की साइटवर भांडण. मग कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं, ब्लेड गेलं, काका पन्नाशीत माऊस धरायला शिकले आणि चांगले शिकले. पण खिडकी सरकली की तिन्हीकडे सरकवायचं काम तसंच राहिलं. कागदाच्या रेघेची स्क्रीनवरची रेघ झाली, एवढंच. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, त्या रेघांना आपण भिंत आहोत हे माहीत नसतं.

मॉडेलमध्ये ते माहीत असतं. भिंत ही भिंत असते, जाडी, उंची, कसल्या विटेची, कुठल्या मजल्यावरची, तिच्यात दार बसवलं की भोक आपोआप पडतं, दार काढलं की बुजतं, आणि प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन ही एकाच वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलेली रूपं होतात, एकीकडे हलवलं की सगळीकडे हलतं. कल्पना काही कालची नाही. चक ईस्टमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की इमारतीचं वर्णन कॉम्प्युटरमध्ये एकदाच भरावं आणि ड्रॉइंग त्यातून काढावीत. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टने ऐंशीच्या दशकात आर्किकॅड हे असं सॉफ्टवेअर काढलं, दुसरं, रेव्हिट, २००० साली आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. म्हणजे मी अमोनियाच्या गुंडाळ्या डोळे पुसत उलगडत होतो तेव्हा हे सगळं जगात कुठेतरी चालू होतं. आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, आणि आलं तेही दारातून आलं नाही, टेंडरच्या एका अटीतून आलं.

२०२१ ला आम्हाला दुसरं एक हॉस्पिटल मिळालं, दीडशे बेडचं. मालकाने अट घातली होती की मॉडेल करायचंच. आमच्या कंपनीने सॉफ्टवेअरची लायसन्स घेतली, दोन मुलं आणि एक मुलगी कामाला घेतली. मुलगी सोलापूरची, पॉलिटेक्निकची, कामात इतकी स्वच्छ की तिच्या मॉडेलमध्ये एकही अनाथ, कशालाच न जोडलेली वस्तू सापडायची नाही. पहिले तीन महिने आम्ही जे केलं ते आता मला चूक वाटतं आणि अजून अर्धा धंदा तेच करतोय म्हणून सांगतो. आर्किटेक्ट नेहमीसारखा ऑटोकॅडमध्ये काढायचा, स्ट्रक्चरवाला ऑटोकॅडमध्ये, आणि ते सगळं सही होऊन आलं की आमची मुलं त्याचं मॉडेल करायची. तोपर्यंत सगळं ठरून झालेलं असायचं. मॉडेल ड्रॉइंगच्या मागून धावत होतं. सगळे मिळून एका जागी बसले होते तेव्हा त्याचा उपयोग झाला असता, ती वेळ गेल्यावर ते फक्त छान रंगीत चित्र उरतं, मालकाला दाखवायला आणि हॉलमध्ये लावायला.

पहिला क्लॅश रिपोर्ट, म्हणजे मॉडेलमध्ये कुठली वस्तू कुठल्या वस्तूला आडवी येते त्याची यादी, निघाला तेव्हा त्यात अठराशे क्लॅश होते. पोरांना वाटलं मोठं काम केलं, कन्सल्टंटला वाटलं आपली लाज काढली, आणि मला काहीच कळेना की यात खरं किती. चार दिवस आम्ही बसून एकेक बघत गेलो. बरेचसे असे की पाइपचं इन्सुलेशन भिंतीला पाच एमएम घासतंय, किंवा वायरचा कंड्युट ब्लॉकवर्कमध्ये घुसलाय, तो तर घुसणारच, झिरी मारूनच टाकतात. चाळून चाळून उरले एकशे दहा-वीस. त्यातले सात असे होते की माझ्या पोटात गोळा आला, सातही ड्रेनेज आणि बीमचे. म्हणजे नऊ वर्षांनी तेच पुन्हा झालं असतं, तेवढंच सात जागी.

मग मी मॅनेजमेंटशी भांडून दर मंगळवारची मीटिंग सुरू केली. सगळ्यांनी यायचं, भिंतीवर मोठा टीव्ही, मॉडेल उघडं, आणि टेबलाच्या मधोमध मी तो काँक्रीटचा तुकडा नेऊन ठेवला. एकेका मजल्यावरून फिरायचं आणि जिथे अडतं तिथे थांबून विचारायचं, हे कुठे जाणार?

पहिल्याच मंगळवारी एक कन्सल्टंट, माणूस अतिशय सज्जन आणि कामाचा जाणकार, सवयीने म्हणाले, ते काय साइटवर बघून घेऊ. मुलगी स्क्रीनसमोर बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, सर, मग मी इथे किती लेव्हल टाकू? खोली गप्प झाली. तिला त्यांना अडवायचं नव्हतं, तिला खरोखरच आकडा हवा होता, कारण मॉडेलला आकड्याशिवाय पाइप काढताच येत नाही. कागदावर रेघ ओढता येते आणि शेजारी टीप लिहिता येते. इथे पाइपला उंची द्यावीच लागते, दिली नाही तर तो जमिनीवर पडून राहतो आणि सगळ्यांना दिसतो.

माझ्या मते बीआयएम अवघड जातं ते इथे. सॉफ्टवेअर पोरं तीन महिन्यांत शिकतात. आपल्याला अवघड जातं ते आधी ठरवणं आणि सगळ्यांच्या देखत ठरवणं. आजपर्यंत कन्सल्टंटला फी मिळते ती ड्रॉइंग दिल्यावर, त्यातली मोठी रक्कम सुरुवातीच्या टप्प्यांना, मग पुढे तीन महिने दर मंगळवारी येऊन बसायचं ते कशाच्या जिवावर? मॉडेल करायची अट असली तरी कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याला पुरावा म्हणून स्थान नाही, वाद झाला की सही केलेला टू-डी कागदच खरा धरणार. शिवाय आधी ठरवलं की चूकही आधी आणि आपल्या नावावर दिसते, साइटवर बघितलं की ती सगळ्यांत वाटली जाते. माणसं वाईट नाहीत, पद्धत तशी पडलीय, आणि पद्धतीत पैसे कुठे मिळतात ते बदलल्याशिवाय नुसतं लायसन्स विकत घेऊन काही होणार नाही हे मी आमच्या डायरेक्टरांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

आणि मुहूर्त. मालक चांगला होता पण भूमिपूजन झालं की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी जेसीबी दिसावा लागतो. तीन महिने झाले साहेब, एक खड्डा नाही खणला, लोक विचारतात, असं ते मला म्हणायचे. विचार करणं हे काम दिसत नाही. मी त्यांना एक दिवस मंगळवारी बोलावलं, त्यांच्यासमोर पहिल्या मजल्यावरचा एमआरआयचा मार्ग मॉडेलमधून चालवून दाखवला, म्हणजे मशीन ट्रकमधून उतरल्यापासून रूमपर्यंत कसं जाणार, आणि ते एका वळणावर अडलं. भिंत नंतर तोडावी लागली असती. ते बघून त्यांनी खड्ड्याचं विचारणं थांबवलं. त्यांच्याबरोबर मेंटेनन्सचा एक माणूस आला होता, मागे उभा होता, त्याने मात्र वेगळंच विचारलं. म्हणाला, साहेब, रात्री दोनला पाइप फुटला तर व्हॉल्व्ह कुठल्या टाइलच्या वर आहे ते यात दिसेल का? आत्ता आम्ही सगळं सीलिंग उचकत बसतो. इतका नेमका प्रश्न आम्हा इंजिनिअरांपैकी एकालाही सुचला नव्हता. व्हॉल्व्हची यादी त्या दिवसापासून मॉडेलमध्ये चढायला लागली.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मिस्त्रींनी. सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणाऱ्यांचे फोरमन, लातूरकडचे, साठीच्या आसपास, आयुष्य फळ्या आणि बल्ल्यांत गेलेलं, पुढे प्लाय आणि प्रॉप्समध्ये. मी त्यांना मंगळवारी बोलवायला लागलो तेव्हा ते खुर्चीवर बसायचेच नाहीत, दारापाशी उभे. मुलीने त्यांच्या हातात टॅब्लेट दिला, बोटाने कसं फिरवायचं ते दाखवलं. त्यांनी अख्खी इमारत एकदा उलटी केली, खालून बघितली, मग सुलटी केली. म्हणाले, ताई, हितं ह्या दोन भिंतीत किती जागा? एक्स्पान्शन जॉइंट होता तो, इमारतीच्या दोन भागांत मुद्दाम सोडलेली फट. पन्नास एमएम, काका. मग म्हणाले, आणि हितली पाटी काढायची कोणी? हात कुठनं घालायचा?

मॉडेलमध्ये तो जॉइंट अगदी निर्दोष होता. क्लॅश नव्हता, लेव्हल बरोबर, रंग बरोबर. पण दोन भिंती एकापाठोपाठ भरायच्या असतील तर दुसऱ्या भिंतीचं आतल्या बाजूचं शटरिंग, म्हणजे साच्याच्या पाट्या, पन्नास एमएमच्या फटीतून निघणारच नाही, हे मॉडेलला माहीत नव्हतं कारण मॉडेलला हात नाहीत. मग त्या फटीत थर्माकोल टाकून भरायचं ठरलं, आधी ठरलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी बीम-कॉलम जॉइंटचं स्टील बघितलं, आम्ही तिथे सळईसुद्धा मॉडेल केली होती, आणि बोट ठेवून म्हणाले, हितं सुई शिरंल का? चाळीसची सुई. म्हणजे ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल. मोजलं तर सळयांच्या मध्ये पस्तीसचं अंतर. तिथे हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, ठरलेलाच होता. स्ट्रक्चरवाल्यांनी तीन कॉलमचे बार बदलून दिले, जाड आणि कमी.

त्यानंतर मिस्त्री खुर्चीवर बसायला लागले. मुलगी त्यांच्या शेजारी बसायची आणि ते जे बोलतील ते वहीत लिहून घ्यायची, काढायला जागा, सुई जाते का, प्रॉप कशावर उभा राहणार, माणूस उभा राहील का. ही यादी कुठल्याही स्टँडर्डमध्ये मी वाचलेली नाही. मला कळकळीने वाटतं की ज्यांच्या डोक्यात हे चाळीस वर्षांचं ज्ञान आहे ते लोक पाच-दहा वर्षांत काम सोडतील, आणि आपण ते विचारून मॉडेलमध्ये उतरवलं नाही तर ते त्यांच्याबरोबर गावी जाईल.

याच्या बरोबर उलट गोष्ट माझ्या भाच्याची. तो पुण्यातच बाणेरला एका कंपनीत बीआयएम मॉडेलर आहे, बाहेरच्या देशांची कामं. ब्रिटन सरकारने २०११ मध्ये जाहीर केलं आणि एप्रिल २०१६ पासून सरकारी कामांना मॉडेल सक्तीचं केलं, सिंगापूरने परवानगीसाठीच मॉडेल मागायला सुरुवात केली, २०१८ मध्ये आयएसओ १९६५० हे बीआयएमचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं, आणि हे सगळं काम करायला हात लागले ते आपल्याकडच्या पोरांचे. भाचा रात्री बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलचा एकेक हँगर, एकेक ब्रॅकेट काढतो, पाइपला आधार किती अंतरावर ते त्याला तोंडपाठ. आणि त्याच्या ऑफिसच्या खिडकीतून समोर जी बिल्डिंग उभी राहतेय ती पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सवर चाललीय. एकदा जेवताना म्हणाला, मामा, चार वर्षं हॉस्पिटलं करतोय पण स्लॅब भरताना कधी बघितला नाही. मला ते लागलं. पुढच्या स्लॅबला पहाटे त्याला घेऊन गेलो. पंप सुरू झाला, काँक्रीट आलं, बारा-पंधरा माणसं गमबूट घालून त्यात उतरली, आणि हा एका जागी उभा राहून फक्त सळईच्या जाळीवरून पाय कसे टाकतात ते बघत होता. कव्हर ब्लॉक हातात घेऊन बघितला, सळईखाली ठेवायचा एवढासा चौकोनी सिमेंटचा ठोकळा, म्हणाला हे मी रोज पंचवीस एमएम म्हणून टाइप करतो. दुपारपर्यंत थांबला. गाडीत परत येताना झोपला नाही, प्रश्न विचारत होता.

एका भांडणाचं सांगायचं राहिलं, बिलिंगचं. मॉडेलमधून क्वांटिटी आपोआप निघते म्हणून सगळे खूश होते आणि पहिल्याच आरए बिलाला, म्हणजे चालू कामाच्या बिलाला, आमचे मापं काढणारे क्वांटिटी सर्व्हेअर आणि मॉडेलची मुलं यांच्यात बोलणं बंद झालं. प्लास्टरची क्वांटिटी जुळेना. मॉडेल खरी जागा मोजतं, खिडकी आली की वजा. आपलं माप चालतं आयएस १२०० वर, म्हणजे बांधकामाची मापं कशी घ्यायची त्याच्या भारतीय स्टँडर्डवर, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करायचं नाही, आणि त्याच्यावर तीन चौरस मीटरपर्यंत असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, कारण खिडकीच्या कडांना जे प्लास्टर लागतं त्याची ती भरपाई असते. म्हणजे टॉयलेटचा दोन फूट बाय दोन फुटांचा व्हेंटिलेटर मापात नाहीच. हा नियम मुलांना कोणी सांगितलेला नव्हता, आणि सर्व्हेअर साहेबांना वाटलं मशीन आपल्याला चोर ठरवतंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि तो नियम मॉडेलमध्ये बसवायला लावला, लागले तीन आठवडे. पण त्यानंतर बिल चार दिवसांत तपासून व्हायला लागलं, आणि सर्व्हेअर साहेब आता स्वतः मॉडेल उघडून बसतात.

२०२३ मध्ये एका कामाला नागपूरला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वर्धा रोडला उतरलो. खाली रस्ता, त्याच्यावर हायवेचा फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, आणि हे सगळं एकाच रांगेतल्या खांबांवर, ३.१४ किलोमीटर. पुढे गड्डीगोदामला तर चार थर आहेत, रस्ता, रेल्वे, फ्लायओव्हर आणि मेट्रो. महामेट्रोने नागपूरला फाइव्ह-डी बीआयएम वापरलं हे आपल्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, फाइव्ह-डी म्हणजे तीन मापं, चौथी वेळ आणि पाचवा पैसा, खांबाला हात लावला की तो कधी भरायचा आणि किती रुपयांचा हेही त्याच मॉडेलमधून निघावं अशी मांडणी. मी एका खांबाखाली बराच वेळ उभा होतो. वरून मेट्रो गेली, मधल्या थरावरून ट्रक गेले, खाली एक उसाच्या रसाची गाडी. त्या खांबात फ्लायओव्हरवाल्यांचं आणि मेट्रोवाल्यांचं वजन एकत्र उतरतंय, म्हणजे कधीतरी कोणीतरी दोघांना एका टेबलाशी बसवून आकडा मागितला असणार. तिथे साइटवर बघून घेऊ म्हणायची सोयच नव्हती. मला आमची मंगळवारची खोली आठवली आणि बरं वाटलं.

आमच्या हॉस्पिटलची ड्रेनेजची सात होलं आम्ही स्लॅब भरायच्या आधी स्लीव्ह, म्हणजे होलच्या जागी पाइपचे तुकडे, टाकून सोडली. मिस्त्रींनी स्वतः सातही स्लीव्ह बाइंडिंग वायरने बांधल्या आणि तोंडं पोत्याने बुजवली. भरताना एका माणसाचा पाय लागून पाचव्या स्लीव्हला धक्का बसला, ते आम्हाला शटरिंग काढल्यावर कळलं. मुलगी टेप आणि लेझर घेऊन शिडीवर चढली, मी खाली शिडी धरून उभा. चाळीस एमएम खाली आलंय सर, वरून म्हणाली. पुढच्या दोन स्लीव्हच्या लेव्हल तिने वहीत तपासल्या, स्लोपचं गणित तिथेच शिडीवर केलं. बसतंय का, मी विचारलं. बसतंय, पण सहाव्याच्या आधी एक जॉइंट बदलायला लागेल, आणि मॉडेलमध्ये मी आजच हलवते. मग तिने खडू मागितला. मिस्त्रींनी कानामागचा काढून दिला, आणि तिने बीमवर नवीन लेव्हल लिहिली, खाली रेघ मारली आणि तारीख टाकली.